कडेवरचं ठिगळ

१

पस्तीस वर्षं झाली, मी ब्लाउज शिवते. पलासिया चौकाच्या मागच्या गल्लीत खाली डोळ्यांचा दवाखाना, समोर कोचिंग क्लास आणि वर आमचं घर. पुढच्या खोलीत माझी मशीन. सकाळी कटिंग, अकराला चहा, दोनपर्यंत शिलाई आणि चारनंतर बायका ट्रायलला येतात. त्या बोलत असतात आणि मी तोंडात टाचण्या धरून हूं हूं करत असते. भुताखेताच्या गोष्टींना मला कधी फुरसतच नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या ह्यांची, म्हणजे दिवाकरांची, सगळी नोकरी रेल्वेत गेली. टाइमटेबल सोडून कशावर त्यांचा भरवसा नाही.

एप्रिलमध्ये आमची स्पृहा पुण्याहून घरी आली. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता. तिनं त्याला हातात घेतलं की नाही, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जावई निशांत गुणाचा आहे. दर रविवारी फोन करायचा, आणि ही फोन कानाला लावून "हो", "नाही", "बरं", बस इतकंच. बाकी आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडलेली. जिच्या बडबडीला कंटाळून मी मुद्दाम मशीन जोरात चालवायचे, ती माझी पोरगी सात महिने गप्प होती. पोरगी हातची जाते की काय, ही धास्ती मला दिवसभर कुरतडायची. घास गिळताना आठवायचं, सुईत दोरा ओवताना आठवायचं.

नोव्हेंबरात शरदचंद्रजी आले. रिटायर्ड प्रोफेसर, इतिहासाचे पक्के वेडे. त्यांचं एक मंडळ आहे. दर डिसेंबरात महूच्या अलीकडे एका मैदानावर एक दिवस ते दोनशे वर्षांपूर्वीची छावणी उभी करतात. तंबू, चुली, घोडे, सगळं. राजा-राणी कोणी बनायचं नाही, फक्त साधी माणसं. त्यांना अंगरखा शिवून हवा होता. मी त्यांच्या खांद्याचं माप घेत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "छावणीत बायका काय करायच्या?"

स्पृहा दारात उभी होती. केस विंचरलेले नव्हते, पण उभी होती. शरदचंद्रजींनी तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं की हिचंही नाव लिहा, कपडे मी शिवते.

२

त्यांच्या मंडळाचे नियम म्हणजे डोक्याला ताप. मशीन चालणार नाही, सगळं हातशिलाईचं. हुक नाही, चेन नाही, नुसते बंद. आणि प्रत्येकानं एक कार्ड भरायचं. आपण जो माणूस बनणार त्याचं नाव, वय, गाव, काम, घरचे लोक. हा माणूस आपणच मनानं रचायचा.

स्पृहानं दोन दिवस बसून कार्ड भरलं. नाव सगुणा. वय सत्तावीस, तिचंच. नवरा होळकरांच्या घोडदळात, आणि ही छावणीत भाकऱ्या भाजते. सगळे रकाने भरले, फक्त 'मुलंबाळं' हा एक रकाना कोरा सोडला. मी ते पाहिलं.

राजवाड्याजवळून जाड खादी आणली. बारा कळ्यांचा घाघरा, पुढे गाठ मारायची चोळी आणि ओढणी. स्पृहा माझ्याजवळ बसून दोरे कापायची, मध्येच विचारायची, "आई, दुहेरी तुरपाई घालू ना?" मला त्या तुरपाईपेक्षा तिचा आवाज महत्त्वाचा होता. बोटांना सुया टोचून टोचून भोकं पडली, पण मी खुश होते.

मग शरदचंद्रजी बघायला आले आणि नाक मुरडलं. "मंजिरीजी, शिलाई एक नंबर. मगर हे तर शोरूमचं वाटतंय. छावणीतली बाई वर्षभर एकच घाघरा घालायची. घासलेलं पाहिजे, विटलेलं पाहिजे. जहाँ जहाँ काम, वहाँ वहाँ घिसाई."

आयुष्यभर मी लोकांना नवं, नीटस शिवून दिलं. आता नवं कापड जुनं करायचं. चहाच्या पाण्यात बुडवलं, अंगणातल्या दगडावर घासलं. आणि घासून झाल्यावर इस्त्री करताना दवाखान्यातल्या मुलीनं खालून हाक मारली, मी खिडकीत गेले आणि परत येते तो डाव्या कमरेवर घाघऱ्याला इस्त्रीचा चांगला बोटभर तपकिरी डाग. पस्तीस वर्षांत कापड जाळलं नव्हतं मी. गपचूप वर एक ठिगळ लावून टाकलं. म्हटलं, जुनं हवंय ना, घ्या.

शरदचंद्रजींची नजर नेमकी तिथेच गेली. "हे ठिगळ कशाचं? ठिगळाला कारण पाहिजे, कार्डावर लिहिलेलं. कमरेवर काय घासलं?"

इस्त्रीचं सांगायची मला लाज वाटली. कारागिराची लाज, दुसरं काही नाही. स्पृहा आत चहा करत होती. समोर कार्ड पडलेलं होतं, मी पेन उचललं आणि त्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: तान्हं मूल, कडेवर.

ते म्हणाले, "वा, बढ़िया," आणि कार्ड खिशात घालणार तेवढ्यात स्पृहा कप घेऊन आली. तिनं ते वाचलं. मी काय करून बसले, हे मला तेव्हा कळलं. पण ती रडली नाही, चिडली नाही. तिनं कप ठेवले आणि बोटानं ते ठिगळ चाचपलं. त्या दिवशी ती दोन पोळ्या जास्त जेवली.

३

तीन दिवसांनी पाहिलं तर ठिगळ एका बाजूनं आक्रसलं होतं. माझ्या हाताखालचं वाकडं काम मला बघवत नाही, म्हणून उसवलं.

खाली डाग नव्हता. कापड झिजलेलं होतं. धागे विरून पार चाळणीसारखं झालेलं, आडवे धागे तुटून उभे तेवढे राहिलेले. असं कापड मी पुष्कळ पाहिलंय. वर्षानुवर्षं एकाच जागी घासलं की होतं. दगडावर घासून असं होत नाही, दगड सगळीकडून सारखा घासतो. मी स्वतःला समजावलं की जळलेलं कापड ठिसूळ होतं, तुरपाईच्या ओढीनं फाटलं असेल. मग तपकिरी रंग कुठे गेला? चहाच्या रंगात मिसळला असेल. उत्तर मिळालं आणि मी नवं ठिगळ लावलं.

दुसऱ्या दिवशी चोळीचा गळा ओला लागला. डावीकडे, गळ्याच्या हाडाखाली, दोन इंचाचा तुकडा. काठ चावल्यासारखा चुरडलेला. नाकाशी नेला तर आंबूस वास आला. दोन मुलं वाढवली आहेत मी, तो वास मला कोणी सांगायला नको. चोळी खुंटीवर होती, ती अजून कोणी अंगातही घातलेली नव्हती.

"उंदीर झालेत," मी ह्यांना सांगितलं.

हे म्हणाले, "पहिल्या मजल्यावर?"

पण पिंजरा आणला. त्यात पोळीचा तुकडा लावून आठ दिवस ठेवला. तुकडा वाळून कडक झाला, उंदीर काही आला नाही.

आणि स्पृहा? ती बोलायला लागली होती. निशांतशी फोनवर वीस वीस मिनिटं. एकदा तर हसण्याचा आवाज आला आणि ह्यांनी पेपर खाली करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. सांगा, ह्या माणसाला मी चोळीच्या वासाचं काय सांगणार होते?

४

चोळी ओली व्हायची आपोआप थांबली. ठिगळही जसंच्या तसं राहिलं. मला हायसं वाटलं. तेही चारच दिवस.

मग घाघऱ्याच्या डाव्या बाजूला, गुडघ्याच्या थोडं वर, एक चुरगळ दिसली. लिंबाएवढी. मधोमध तेलकट काळपट. मी इस्त्री केली. सकाळी परत. पाणी मारून, वर ओला फडका ठेवून कडक इस्त्री केली. जेवून आले, परत. बायका ट्रायलला यायच्या, आरशात बघायच्या, आणि माझं लक्ष खुंटीवरच्या त्या घाघऱ्याकडे. एका बाईची बाही उलटी जोडली मी. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

मला मापाची सवय. टेप लावला. घेराच्या खालच्या काठापासून चुरगळ बावीस इंचांवर. चार दिवसांनी चोवीस. त्यानंतर पंचवीसच्या वर. मुलांचे फ्रॉक आणि झबली पुष्कळ शिवलीत मी. कुठल्या वयाचा हात कुठवर पोचतो, ते मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आधी छातीशी, मग कडेवर, मग खाली उभं राहून आईचा घाघरा धरून. तीन आठवड्यांत दोन वर्षं. हे मनात आलं आणि मी टेप गुंडाळून खणात टाकला.

नाही, हे सगळं स्पृहाच करतेय, मी म्हटलं. दुपारी मी पडते तेव्हा येऊन धरून बसत असेल. पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला असेल तर डॉक्टर आहेत, खालचे नाही, डोक्याचे. ही भीती मला चालणार होती. हिचं काहीतरी करता आलं असतं.

"स्पृहा, तू घालतेस का गं तो घाघरा? मी नसताना?"

"नाही आई." ती शेंगा सोलत होती. "मी नुसती बसते जवळ."

"आणि हात लावतेस?"

"मी कशाला लावू?" ती म्हणाली. इतक्या सहज, की मला पुढचं विचारवेना.

मी सरळ शरदचंद्रजींच्या घरी गेले. म्हटलं, कार्डावरची ती ओळ मी चुकून लिहिली आहे, खोडायची आहे. त्यांनी फाइल उघडून कार्ड दिलं.

माझ्या ओळीपुढे शरदचंद्रजींच्या अक्षरात 'मुलगा' लिहिलेलं होतं. पुढे 'सहा महिने', ते खोडलेलं. मग 'एक वर्ष', खोडलेलं. 'दीड', खोडलेलं. शेवटी 'अडीच'.

"फारच सीरियस आहे तुमची मुलगी," ते कौतुकानं म्हणाले. "दर चार दिवसांनी फोन करते, सर, वय बदला. मी म्हटलं, बेटा, एकदा काय ते ठरव ना. तर म्हणाली, माझ्या ठरवण्यावर नाहीये ते."

मी पेन काढलं होतं. ते तसंच हातात राहिलं. आता त्या ओळीत एक माणूस होता, आणि त्याच्यावर रेघ मारायची म्हणजे काय, हे मला सुचेना. शरदचंद्रजी म्हणाले, "खोडायचं होतं ना?" मी नको म्हटलं आणि जिना उतरले.

५

छावणीच्या दोन दिवस आधी मी ठरवलं की घाघराच नको. कापडाच्या चिंध्या केल्या की विषय संपला. पोरगी दोन दिवस रडेल, मग डॉक्टर, औषधं, जे असेल ते करू. दुपारचे तीन वाजले होते. समोरच्या क्लासमधून गणिताच्या सरांचा माइक ऐकू येत होता, खाली गाड्यांचे हॉर्न. स्पृहा झोपली होती. मी घाघरा टेबलावर पसरला, मोठी कात्री घेतली आणि घेर माझ्याकडे ओढला.

तो आला नाही.

टेबलाच्या पायात अडकला असेल म्हणून परत ओढला. थोडा आला आणि परत गेला. कापड अडकलं की एका जागी ताणून बसतं. हे तसं नव्हतं. मी ओढलं की पलीकडून ओढ यायची, मी सैल सोडलं की सैल पडायचं. दोनदा, तीनदा. खेळल्यासारखं. टेबलाची पलीकडची कड मला दिसत होती, तिच्याखाली लोंबणारा घेर दिसत नव्हता. वाकून बघायचं, एवढंच काम होतं. माझे गुडघे दुखतात, पण मी वाकले नाही ते त्यामुळे नाही.

"आई."

स्पृहा दारात होती. तिनं कात्री पाहिली. मला वाटलं धावून येईल. ती जागची हलली नाही.

"फाड तू," ती म्हणाली. "तूच शिवलंयस. पण मग मी काय करू, ते सांग मला. मला परत त्या भिंतीकडे तोंड करून नाही पडायचं गं. मी मेलेच होते तिथे. तुला माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. सात महिने दर सकाळी तिच्या खोलीचं दार उघडताना मी आधी तिचा श्वास चालू आहे ना ते बघायचे. मी कात्री ठेवली. घेर आपला आपण सुटून माझ्या मांडीवर आला. स्पृहा पुढे आली, तिनं घाघऱ्याची घडी घातली, आणि घडी घालताना खाली टेबलाकडे बघून, ओठांवर बोट ठेवून, डोळ्यांनीच दटावलं.

मी मशीनवर बसले आणि कोणाचा तरी ब्लाउज पुढे ओढला.

६

छावणी सुंदर झाली, सगळे तसंच म्हणाले. थंड, स्वच्छ ऊन, पांढरे तंबू, चुलीचा धूर. स्पृहानं साठ भाकऱ्या भाजल्या. अंगावर घाघरा इतका अंगचा झाला होता की माझं काम म्हणून मला ओळखू येईना. लोक फोटो काढत होते.

मी मात्र एका जागी बसू शकत नव्हते. उठायचे, दोन तंबू ओलांडायचे, परत यायचे. हे म्हणाले, "अरे यार, बस ना जरा." पण मला तिच्यावरची नजर काढवत नव्हती. ती सावकाश चालत होती. डावा खांदा किंचित खाली, डावा हात सैल सोडलेला, बोटं अर्धी मिटलेली. मधूनच थांबायची, मग परत चालायची. माझ्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, काय अॅक्टिंग करते हो, मूल नाही तरी मूल दिसतं. मी त्यांना हो म्हटलं.

जेवताना वाढणाऱ्या बाईनं तिच्यापुढे दोन पत्रावळी मांडल्या. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "दो क्यों रखी?" ती गोंधळली. "दीदी ने बोला होगा," म्हणाली. "या शायद नहीं बोला. पता नहीं, आंटी, मैंने रख दी." बोलली असेल स्पृहा. मी ते तिथेच सोडलं.

चारला आम्ही निघालो. हे गाडी चालवत होते, मी पुढे त्यांच्या शेजारी, स्पृहा मागे. तिनं कपडे बदलले नव्हते. ती ह्यांच्या मागे बसली होती, माझ्या मागची सीट मोकळी. निशांतचा फोन आला. ती हसून बोलत होती. "अरे, मस्त झालं. हो. ऐक ना, पुढच्या शनिवारी आम्ही येतो पुण्याला. नाही, आई-बाबा नाही." मग बराच वेळ ती निशांतचं ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "आलो की सांगते."

ह्यांनी माझा हात दाबला. पोरगी सासरी परत चालली होती, जिवंत, हसती. आठ महिने मी देवाकडे दुसरं काही मागितलं नव्हतं. आणि तरी, पुढच्या दिवाळीत ती घरी येईल तेव्हा चुरगळ घाघऱ्याच्या कुठल्या उंचीवर असेल, असा विचार आला, आणि मी तो मध्येच तोडला.

तेवढ्यात माझ्या सीटला मागून धक्का लागला.

पाठीत, कमरेच्या थोडं वर. मग दुसरा. मग ठेक्यात, एक, दोन, एक, दोन. मोकळी जागा मिळाली की लहान मुलं पाय हलवत बसतात आणि टाचा पुढच्या सीटवर आपटतात, तसं. मी खिडकीबाहेर बघत होते, दमले होते, डोळे मिटत होते. स्पृहा आणि तिचा भाऊ लहान असताना ह्याच रस्त्यावर शंभरदा म्हटलं असेल, तेच माझ्या तोंडून गेलं.

"पाय नको मारू रे."

थांबलं. लगेच थांबलं.

मान वळवली असती तर दिसलं असतं, किंवा काहीच दिसलं नसतं, आणि दोन्हींपैकी एकही मला सोसलं नसतं. हे रस्त्यावरून नजर न काढता म्हणाले, "कोणाला म्हणालीस?"

मागून स्पृहाचा आवाज आला. कौतुकाचा, जरा तक्रारीचा, नव्या आईचा असतो तसा.

"बघ ना आई, तुझं कसं पटकन ऐकतो. माझं तर अजिबात ऐकत नाही."

समोर राऊचं सर्कल आलं होतं. ह्यांनी गिअर बदलला, आणि मी पाठ सीटला न टेकवता घरापर्यंत ताठ बसून राहिले.